लळा लागायला वेळ लागतो

मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक विनोद आहे. घरातल्या धाकट्याला चिडवायचे असले की थोरली भावंडे, आत्या, कधी कधी तर साक्षात आजीही म्हणते, "तू आमचा नाहीसच मुळी! तुला बोहारणीकडून घेतलाय, दोन जुनी लुगडी देऊन." मूल रडकुंडीला येते, कोणीतरी त्याला जवळ ओढते, सगळे हसतात आणि विषय तिथेच संपतो. हा विनोद चालतो याला कारण एकच. ज्याला चिडवायचे त्याला आतून पक्के ठाऊक असते की हे खोटे आहे. आपण याच घरचे, याबद्दल त्याच्या मनात तिळभर शंका नसते. म्हणूनच ती शंका त्याच्यापुढे गंमत म्हणून टाकता येते.

आता त्याच घोळक्यात पाच वर्षांची एक मुलगी बसली आहे, असे समजा. तीन महिन्यांपूर्वी ती एका संस्थेतून या घरात आली. तिच्या दृष्टीने हा विनोद नाही, ही माहिती आहे. जे देवाणघेवाणीत आले ते परतही जाऊ शकते, हे तिला कोणी समजावून सांगायला नको. ती रडत नाही आणि हसतही नाही. दाराशी काढून ठेवलेल्या आपल्या चपला जागेवर आहेत ना, एवढे ती मान वळवून पाहून घेते.

आजचा लेख अशा मुलांविषयी आहे, आणि त्यांच्या भोवती असलेल्या तुमच्या-माझ्यासारख्या मोठ्या माणसांविषयी. कारण आज आपल्या ओळखीच्या कुठल्या ना कुठल्या घरात असे मूल आहे किंवा येऊ घातले आहे.

आपल्याकडे 'दत्तक' हा शब्द फार काळ गादीशी, वतनाशी आणि पिंडदानाशी जोडलेला होता. घराला मुलगा हवा म्हणून मूल आणायचे, तेही शक्यतो भाऊबंदांतले. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलीलाही दत्तक घेण्याची वाट मोकळी केली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मीकांत पांडे खटल्यात परदेशी दत्तकविधानासाठी नियम घालून देताना मुलाचे हित केंद्रस्थानी ठेवले. १९९० मध्ये 'कारा' ही केंद्रीय यंत्रणा स्थापन झाली, २०१५ च्या बाल न्याय कायद्याने तिला वैधानिक दर्जा दिला आणि २०२२ पासून दत्तकाचे आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देऊ लागले. २०२४-२५ या एका वर्षात देशात साडेचार हजारांहून अधिक मुले दत्तक गेली. गेली अनेक वर्षे त्यांत मुलांपेक्षा मुलींची संख्या जास्त असते. घराला वारस हवा इथपासून मुलाला घर हवे इथपर्यंतचा हा प्रवास आहे, आणि त्याचा समाज म्हणून आपल्याला अभिमान वाटावा.

पण कायद्याचे काम जिथे संपते तिथे मुलाचे काम सुरू होते. तान्हे मूल मिळावे ही बहुतेकांची इच्छा असते; पण लग्ने उशिरा होतात, प्रतीक्षायादीत वर्षे जातात, आणि पती-पत्नींच्या वयाची बेरीज ८५ च्या वर गेली की नियमानुसार दोन वर्षांच्या आतले मूल मिळत नाही. त्यामुळे तीन, पाच, सात वर्षांची मुले घरी आणणारी जोडपी आता दिसू लागली आहेत. पहिले पंधरा दिवस पेढे वाटण्यात जातात. त्यानंतर सहा महिन्यांनी त्याच आईबापांचे आवाज बदललेले असतात. "आम्ही काय कमी केलं हो? वेगळी खोली दिली, चांगली शाळा दिली. अंगावर हात टाकला की आकसून बाजूला होते. आणि सोसायटीतल्या कुठल्याही बाईच्या मांडीवर जाऊन बसते!"

या प्रश्नाचे उत्तर त्यांनी काय कमी केले यात नाही. ते त्यांच्या आधी काय घडले यात आहे.

मानसशास्त्राच्या पुस्तकांत 'अटॅचमेंट'ला अनुबंध, आसक्ती असे प्रतिशब्द आढळतात. घरात आपण त्याला लळा म्हणतो, आणि या शब्दाबरोबर दोन क्रियापदे वापरतो: लळा लावणे आणि लळा लागणे. लावणे मोठ्यांच्या हातात असते. लागणे नसते. ते मुलाच्या आत, त्याच्या वेळेने घडते. दत्तक घरांतली निम्मी दुःखे ही दोन क्रियापदे एकच समजल्यामुळे होतात.

लळा लागतो कसा? तान्हे मूल भुकेने रडते, कोणीतरी येते, उचलते, पोट भरते. पुन्हा रडते, पुन्हा तेच हात, तोच वास, तोच आवाज. दिवसातून कितीतरी वेळा, महिनोन्‌महिने हे घडते. त्यातून बोलता येण्याच्याही आधी मूल एक गोष्ट शिकते: मी हाक मारली की कोणीतरी येते. पुढच्या आयुष्यातला सगळा भरवसा या एका वाक्यावर उभा राहतो.

हे आज आपल्याला उघड वाटते, पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तज्ज्ञांनाही ते मान्य नव्हते. मुलाला दूध, स्वच्छता आणि औषध मिळाले की झाले, अशी समजूत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर बेघर झालेल्या मुलांविषयी जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ मध्ये अहवाल लिहिला आणि सांगितले की एका विशिष्ट माणसाची सततची माया ही मुलाच्या मनासाठी अन्नाइतकीच गरजेची आहे. त्याचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये रुग्णालयात आईवेगळ्या ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट केला. आईपासून दुरावलेले मूल आधी आकांत करते, मग खचते आणि शेवटी शांत होते, हे या निरीक्षणांतून पुढे आले. परिचारिकांना ती शांतता म्हणजे मूल रुळले असे वाटे. प्रत्यक्षात मुलाने आशा सोडलेली असे. 'किती शहाणं बाळ आहे, रडतसुद्धा नाही,' हे कौतुक आपणही करतो. ते करण्यापूर्वी ते का रडत नाही हे एकदा विचारावे.

संस्थेत वाढणाऱ्या मुलाच्या बाबतीत नेमके हेच घडू शकते. यात तिथल्या मावशींचा दोष नाही. आपल्याकडच्या कितीतरी संस्थांत अपुऱ्या पगारावर या बाया मुलांवर खरोखर जीव लावतात. पण त्यांची पाळी आठ तासांनी बदलते. एका मावशीकडे सात-आठ बाळे असतात. एक लग्न होऊन जाते, दुसरी गावी जाते, तिसरी नवी येते. मुलाला हात पुष्कळ मिळतात, माणूस मिळत नाही. आणि एखादी मावशी खरोखर 'आपली' झालीच, तर दत्तकाच्या दिवशी, सगळे टाळ्या वाजवत असताना, तीही सुटते. आपल्या दृष्टीने तो आनंदाचा दिवस असतो. मुलाच्या खात्यात मात्र आणखी एक माणूस गेल्याची नोंद होते.

या नुकसानाचे आणि ते भरून येण्याचे सर्वांत मोठे दाखले रुमानियातून मिळाले. डिसेंबर १९८९ मध्ये तिथली चाउसेस्कूची राजवट कोसळली तेव्हा सरकारी अनाथालयांत एक लाखाहून अधिक मुले असल्याचे जगाला कळले. त्यांतली काही ब्रिटनमध्ये दत्तक गेली. मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १६५ मुलांचा ती मोठी होईपर्यंत पाठपुरावा केला. सहा महिन्यांच्या आत संस्थेतून बाहेर पडलेली मुले जवळजवळ पूर्णपणे सावरली. त्याहून जास्त काळ तिथे राहिलेल्यांपैकी अनेकांना मोठेपणीही अडचणी राहिल्या. तरी त्यांच्यातलीही साधारण पाचांतली एक व्यक्ती कुठल्याही लक्षणीय त्रासाशिवाय मोठी झाली. पुढे बुखारेस्टमध्ये संस्थांतल्या १३६ बालकांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून प्रशिक्षित पालक-कुटुंबांत ठेवण्यात आले. ही मुले साडेतीन वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांचा आपल्या माणसाशी सुरक्षित लळा जुळला होता. संस्थेच्या गटात हे प्रमाण एक पंचमांशाहून कमी होते. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना याचा लाभ जास्त झाला.

या दाखल्यांतून दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, नुकसान खरे असते. 'लहान आहे, विसरून जाईल' हे खरे नाही. दुसरी, माणूस मिळाला तर मूल सावरते, उशीर झाला असला तरी बरेचसे सावरते. नुसते प्रेम पुरते असे म्हणणारे आणि आता काही होणार नाही असे म्हणणारे, दोघेही चुकतात.

मग ज्याचा भरवसा मोडला आहे असे मूल घरात कसे वागते? पोट भरलेले असूनही उशीखाली बिस्किटे, कपाटात पोळीचा तुकडा लपवते. पडून गुडघा फुटला तरी कोणाकडे धावत नाही. अनोळखी पाहुण्याच्या गळ्यात पडते, आणि नातेवाईक म्हणतात, "किती माणसाळलेली आहे हो!" प्रत्यक्षात ज्याला सगळेच सारखे असतात त्याचे अजून कोणीच नसते. छोट्या छोट्या गोष्टींत हुकूम सोडते, कारण आजवर तिच्या आयुष्यातली एकही गोष्ट तिला विचारून झालेली नाही. आणि सगळ्यांत वाईट वागते ते आईशी. तिने आणलेली बाहुली मोडते, तिने केलेला डबा परत आणते. ज्याचा लळा लागण्याची सर्वांत जास्त भीती वाटते, त्यालाच ढकलून पाहायचे असते.

मी बँकेत नोकरी केली, म्हणून मला यात एक ओळखीचा माणूस दिसतो. एखादी बँक बुडाली, आयुष्याची पुंजी अडकली, की तो ठेवीदार पुढे दुसऱ्या बँकेत खाते उघडतो खरा. पण दर चार दिवसांनी खिडकीशी येऊन शंभर-दोनशे रुपये काढून नेतो. त्याला पैशांची गरज नसते. पैसे आहेत ना, एवढेच त्याला पाहायचे असते. समजूतदार रोखपाल त्याच्यावर वैतागत नाही, की 'आमच्यावर विश्वास नाही का?' असे विचारत नाही. तो दर वेळी पैसे मोजून देतो. वर्षभराने तो माणूस महिन्यातून एकदा येऊ लागतो. त्याला व्याख्यानाने पटत नाही, दर वेळी पैसे मिळाल्याने पटते. दत्तक मूल आपली परीक्षा पाहते तेव्हा ते हेच करत असते. त्याचा अविश्वास हा त्याचा दुर्गुण नाही, तो त्याचा अनुभव आहे. आणि अनुभव बदलायला दुसरा अनुभवच लागतो.

तेव्हा विश्वास द्यायचा तो रोजच्या बारीक व्यवहारांतून. पहिली गोष्ट, सुरुवातीचे काही आठवडे घर लहान ठेवावे. मूल आल्याच्या पहिल्याच रविवारी सभागृह घेऊन दोनशे माणसांचा स्वागतसमारंभ करू नये. ज्याला आजवर फार हात मिळाले त्याला आता थोडे हात हवे असतात. भरवणे, आंघोळ घालणे, निजवणे, लागले-खुपले तर फुंकर घालणे, ही कामे पहिले काही महिने शक्यतो आईबाबांनीच करावीत. हे आजीला कठोर वाटेल. नातवंडाला मांडीवर घेण्यासाठी ती वर्षानुवर्षे थांबलेली असते. पण सुनेला किंवा लेकीला स्वयंपाकघरातून मोकळी करून मुलाजवळ बसू देणे, ही आजीने त्या दिवसांत नातवंडाला दिलेली सर्वांत मोठी भेट असते. एकदा एका माणसाचा लळा लागला की तो पुढे आजीपर्यंत, काकापर्यंत, शाळेतल्या बाईंपर्यंत आपोआप पोचतो. सुरुवात मात्र एकापासूनच व्हावी लागते.

संस्थेतून येताना मुलाबरोबर काही जुने आणावे. त्याची गोधडी, पेला, फाटके खेळणे. गोधडी लगेच धुऊ नये; तिच्यात त्याच्या ओळखीचा वास असतो. मावशींचा फोटो मागून घ्यावा आणि तो लपवू नये. मुलाला हाक मारल्यावर वळण्याइतके नाव ओळखीचे असेल तर ते एकदम बदलू नये. त्याच्याजवळ स्वतःचे म्हणावे असे तेवढेच असते.

अन्न लपवणाऱ्या मुलाला 'चोर' म्हणू नये. त्याच्या नावाचा एक डबा खालच्या फळीवर ठेवावा, त्यात चणे-कुरमुरे, राजगिऱ्याची वडी, काहीही असावे, आणि तो कधीही रिकामा होऊ देऊ नये. 'जेवायची वेळ झाली, आता नाही' ही शिस्त पुढे शिकवता येते. आधी भूक लागली की मिळते हे शिकायचे असते.

घराबाहेर पडताना मुलाची नजर चुकवून सटकण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. "तू पुढच्या दाराने जा, मी त्याला गॅलरीत कावळा दाखवते." रडे टळते, हे खरे. पण ज्याची माणसे न सांगता नाहीशी झाली आहेत त्याने यातून काय शिकायचे? सांगून जावे, कधी येणार ते त्याला कळेल असे सांगावे, "चारचा चहा व्हायच्या आत", आणि चारच्या आत यावे. ते रडले तर रडू द्यावे. तुमच्यासाठी त्याला रडावेसे वाटले, ही प्रगती आहे.

शिक्षेचाही नव्याने विचार करावा लागतो. मुलाला खोलीत एकटे बसवणे किंवा दिवसभर अबोला धरणे ही अनेक घरांतली हमखास हत्यारे आहेत. ज्याला आपल्या जागेची खात्री आहे ते मूल यातून काही शिकतही असेल. या मुलाला मात्र त्यातून जुनाच निरोप मिळतो, की चुकलास तर माणूस जाते. तेव्हा चूक झाली तर ठामपणे थांबवावे, पण जवळ बसवून थांबवावे. "हे फेकायचं नाही. मला राग आलाय. पण मी इथेच आहे." आणि 'परत पाठवीन', 'पोलिसाला देईन' ही वाक्ये थट्टेतही, रागातही, त्या घरात कोणाच्याही तोंडून निघू नयेत.

आईबाप चिडणार, ओरडणार, दमणार. त्याने सगळे पाण्यात जाते असे नाही. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकापासून माता-बालकांचे बारीक निरीक्षण केले आहे. अगदी मायेच्या जोड्यांचेही सूर वारंवार चुकतात, नाते टिकते ते चुकलेला सूर पुन्हा जुळवल्याने, असे त्यांचे सांगणे आहे. आपल्याकडे याला रुसवा काढणे म्हणतात. तो मोठ्याने काढायचा असतो. "मघाशी मी फार ओरडले. ते बरोबर नव्हतं. ये, आपण पुन्हा केळं कापू." भांडण झाले आणि तरीही माणूस गेले नाही, हा त्या मुलाच्या आयुष्यातला कदाचित पहिलाच अनुभव असतो.

स्पर्शाच्या बाबतीत घाई नको. मिठी हा मोठ्यांचा हक्क नव्हे. केस विंचरताना, तेल लावताना, पुस्तक वाचताना शेजारी बसल्यावर गुडघ्याला गुडघा लागतो, तेवढे पुष्कळ असते. मूल एक पाऊल पुढे येईल तेवढेच आपण यावे.

आणि आणखी एक गोष्ट उघडपणे बोलायला हवी. लळा आईलाही लगेच लागतो असे नाही. वर्षानुवर्षे वाट पाहून आणलेल्या मुलाकडे पाहून पहिल्या महिन्यांत मनात काहीच दाटून आले नाही, उलट थकवा आणि परकेपणा वाटला, असे अनेक जणींच्या बाबतीत होते. त्या हे कोणाला सांगत नाहीत, कारण 'एवढी हौस होती ना?' हे उत्तर तयार असते. अशा वेळी नवऱ्याने 'तूच मनाला लावून घेतेस' असे म्हणण्याऐवजी रात्रीची पाळी वाटून घ्यावी. माया अनेकदा कामाच्या मागून येते. रोज भरवता भरवता, रोज अंथरूण घालता घालता ती येते.

नातेवाइकांची जबाबदारी याहून कमी नाही. "नशीब काढलंस हो पोरी!" हे वाक्य प्रेमाने म्हटले जाते, पण मुलाच्या पाठीवर ते कर्ज ठेवते. पोटच्या मुलाने आईबापांचे उपकार मानावेत असे आपण पाचव्या वर्षी म्हणत नाही. मग याच्याकडूनच का म्हणावे? तशीच "खरी आई कोण?" ही चौकशी. शाळेत वंशवृक्ष काढायला सांगताना, 'तुमचा तान्हेपणीचा फोटो आणा' म्हणताना बाईंनी क्षणभर थांबावे. दत्तक असल्याची गोष्ट मुलाला लहानपणापासून, साध्या शब्दांत, घरच्यांकडूनच कळावी. जे लपवले जाते ते लाजिरवाणे असते असे मूल समजते. आणि बाराव्या वर्षी शेजारणीकडून ते कळले तर इतक्या वर्षांत जमवलेला भरवसा एका दुपारी मोडतो.

हे सगळे करूनही काही मुलांना तज्ज्ञांची गरज लागते. आधी बालरोगतज्ज्ञाकडून श्रवण, दृष्टी, पोषण, वाढ यांची तपासणी करून घ्यावी. ऐकू न येणारे मूलही 'हाकेला ओ देत नाही'. लळ्याचे गंभीर विकार वैद्यकशास्त्राने वर्णन केले आहेत, पण ते विरळ आहेत. इंटरनेटवरची लक्षणांची यादी वाचून आपल्या मुलावर चिठ्ठी चिकटवू नये. महिने उलटूनही मूल स्वतःला किंवा इतरांना इजा करत असेल, झोप-जेवण पूर्ण बिघडले असेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाकडे जायला संकोच करू नये. चांगला तज्ज्ञ मुलाला 'दुरुस्त' करण्याआधी आईबापांबरोबर बसतो, मुलाच्या वागण्यातून ते काय सांगते आहे ते वाचायला शिकवतो.

जबरदस्तीच्या इलाजांपासून मात्र चार हात दूर राहावे. मुलाला बळेच दाबून धरले, त्याचा प्रतिकार मोडला की माया वाहू लागेल, अशी एक कल्पना अमेरिकेत काही काळ फोफावली होती. २००० साली कोलोरॅडो राज्यात 'पुनर्जन्म' नावाच्या अशाच एका उपचारात दहा वर्षांची एक दत्तक मुलगी चादरीत गुंडाळलेल्या अवस्थेत गुदमरून मरण पावली. पुढच्या वर्षी त्या राज्याने या प्रकारावर कायद्याने बंदी घातली. मोडून मिळते ती शरणागती असते, विश्वास नव्हे.

आता थोडे व्यवस्थेविषयी. दत्तक गेलेली काही मुले संस्थेत परत येतात. ही गोष्ट बोलायला कोणाला आवडत नाही, पण ती खरी आहे, आणि त्या मुलासाठी ती दुसऱ्यांदा टाकले जाणे असते. मोठ्या वयाच्या मुलांच्या बाबतीत हा धोका जास्त असतो. नियमांनुसार दत्तकानंतर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, सामाजिक कार्यकर्त्याने घरी जाऊन पाहणी करायची असते. ही भेट अनेक घरांत परीक्षेसारखी होते. घर आवरले जाते, मुलाला नवा फ्रॉक घातला जातो आणि 'सगळं छान आहे' असे सांगितले जाते. आईबापांना 'आमचं जमत नाहीये' हे न घाबरता म्हणता आले, तर कितीतरी घरे वाचतील. त्यासाठी त्या भेटीचे रूप तपासणीचे न राहता आधाराचे व्हायला हवे. मूल आणण्यापूर्वीच आईबापांना या अडचणींची मोकळी कल्पना द्यायला हवी. संस्थेने मुलाची गोड बाजूच सांगू नये.

रजेचेही तसेच. २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन दत्तक घेणाऱ्या आईला बारा आठवड्यांची रजा मिळाली, पण तीन महिन्यांपेक्षा लहान मूल घेतले तरच. टाकून दिलेले मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मोकळे होण्यातच काही महिने जातात. आणि ज्या पाच वर्षांच्या मुलाला आई दिवसभर डोळ्यांसमोर असण्याची सर्वांत जास्त गरज आहे, त्याच्या आईला या तरतुदीने काहीच दिले नाही. रजा बाळंतपणाच्या शरीरासाठी असते, हे खरे. पण ती नव्या नात्यासाठीही असते, हा विचार तिथे नव्हता. कायदा वाट दाखवो न दाखवो, एखाद्या कचेरीच्या व्यवस्थापकाला अशा आईला आणि बापालाही दोन-तीन महिने सवलत देणे अवघड नसते.

महाराष्ट्राला हे सगळे परके वाटायचे कारण नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. पुढे १८७४ मध्ये त्यांनी काशीबाई नावाच्या एका विधवेचा मुलगा दत्तक घेतला. तो यशवंत डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई रुग्णांची सेवा करत होत्या तेव्हा तो त्यांच्याबरोबर होता. रक्त, जात आणि वारसा या तिन्हींच्या पलीकडे जाऊन मूल आपले म्हणता येते, हे या मातीत दीडशे वर्षांपूर्वी करून दाखवले गेले आहे. आपण त्यांच्या जयंतीला ते सांगतोही. पण मूल आपले म्हणणे ही एका दिवसाची घोषणा नसते. ती रोज, कंटाळा आलेल्या संध्याकाळीसुद्धा, पुन्हा करायची गोष्ट असते.

आपल्याकडे घराबाहेर पडताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. लहानपणी आपण 'जातो' म्हटले की घरातल्या मोठ्यांनी आपल्याला टोकले आहे. शकुन-अपशकुन बाजूला ठेवले तरी या रीतीत मोठे शहाणपण आहे: जाणाऱ्याने मागे राहणाऱ्याला परत येण्याचा शब्द द्यावा. ज्या मुलाला तो शब्द कोणी दिला नाही, किंवा देऊन पाळला नाही, त्याला तो आपण द्यायचा आहे, आणि पाळायचा आहे. शंभर वेळा पाळल्यावर एकशे एकाव्या वेळी ते मूल खिडकीशी उभे न राहता आपल्या खेळात रमून जाईल, आपण परत आलो हे त्याच्या लक्षातही येणार नाही. त्या दिवशी वाईट वाटून घेऊ नये. त्या दिवशी लळा लागलेला असतो.